देवगिरीची मिठाची पोती आणि छावणीतल्या कुरडया

छत्रपती संभाजीनगरात खाम नदी ओलांडून छावणीत शिरलं आणि नगर नाक्यापर्यंत गेलं, की रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडचा वाळूजच्या कारखान्यांकडे आणि पुढे अहिल्यानगर, पुण्याला जातो. उजवीकडचा पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादला पोचतो. घरातल्या साठवणुकीवर लिहायचं तर आधी उजवीकडे वळायला हवं, कारण साठवण फसली तर काय होतं याची महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट दौलताबादच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्या, किल्ल्यावर घडली आहे.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. तो तेव्हा सुलतानही झालेला नव्हता. रामदेवराव यादवाची बरीचशी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा गडावर गेला आणि वेढा पडणार म्हणून पायथ्याशी जे मिळेल ते वर चढवायची धांदल उडाली. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती तिथे पडून होती, तीही धान्य समजून गडावर नेली. शंकरदेव लढाईत हरला, वेढा आवळत गेला आणि पोती उघडायची वेळ आली तेव्हा त्यांत धान्य नव्हतं, मीठ होतं. राजाला तह करावा लागला. इतिहासकार फिरिश्त्याने ही हकिगत तीनशे वर्षांनंतर लिहिली, तेव्हा तीत थोडं तिखटमीठ असेलही. पण मिठाने सगळं टिकतं, पोट तेवढं भरत नाही, हे त्या गडाने फार महागात शिकवलं.

या भागातली बाई मात्र पोतं उघडून पाहिल्याशिवाय, त्यात हात घालून दाणा दाताखाली चावल्याशिवाय घरात घेत नाही. दाणा कट्कन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. कोठारातल्या मालाच्या ओलाव्याची ही परीक्षा आजही आडत बाजारात चालते आणि यंत्राच्या आकड्याच्या बरीच जवळ जाते.

छावणी हे गावच मुळी शिध्यावर वसलेलं. निजामाच्या कंटिंजंट फौजेसाठी एकोणिसाव्या शतकात ही वस्ती उभी राहिली. लष्कर आलं की त्यामागे वाणी, खाटीक, भटियारे, शिंपी, धोबी येतात. तसे ते इथे आले आणि राहिले. छावणीचा गुरुवारचा आठवडी बाजार अजून भरतो. या बाजाराचं नाव निघालं की लोकांना आधी जनावरं आठवतात. पण किराण्याच्या आणि भाजीच्या बाजूला फिरलं तर मराठवाडा काय काय वाळवून खातो ते कळतं. लाल मिरचीचे ढीग, हळकुंडं, खोबऱ्याच्या वाट्या, चिंचेचे गोळे, कोकणातून इथवर आलेलं सुकट आणि बोंबील. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. इथल्या गरिबाच्या ताटात मासळी शतकानुशतकं आली ती वाळूनच.

फेब्रुवारी सरला की छावणीतल्या जुन्या घरांच्या गच्च्या बोलू लागतात. साड्या आणि धोतरं अंथरली जातात, चार कोपऱ्यांना विटा ठेवतात. एखादी मोडकी बाज वर चढते. पोरांना राखणीला बसवतात आणि पोरं राखण सोडून अर्धवट वाळलेल्या पापड्या खातात. रमजानच्या आगेमागे शेजारच्या घरात शेवया दोऱ्यांवर लटकतात. त्यांना ऊन नको असतं, हवा लागते. दोन्ही घरांची चिंता मात्र एकच: आभाळ येऊ नये. वळवाचा एक शिंतोडा आला की चार दिवसांची मेहनत आंबते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिने शेतातलं उभं पीक नेलं. तेव्हा गच्चीवरच्या कुरडयांची नोंद कुठल्याच पंचनाम्यात झाली नाही.

मराठवाड्याच्या हवेला आपण कायम दूषणं देतो. पाऊस कमी, ऊन फार. पण वाळवणाला नेमकं हेच लागतं. उघड्यावर अन्न वाळवायचं तर तापमान निदान ३० अंशांच्या वर आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी, असं अन्नशास्त्र सांगतं. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. मुंबईच्या बाईने मेमध्ये गॅलरीत घातलेला पापड घामेजून बसतो, तो इथे दुपारपर्यंत खडखडीत होतो. घरंही त्या हवेला धरूनच बांधलेली. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छप्पर. कोकणात असं छप्पर पहिल्याच पावसात वाहून जाईल. इथे पाऊस बेताचा म्हणून माळवद टिकलं आणि माळवद होतं म्हणून प्रत्येक घराला वाळवणाचं अंगण डोक्यावर मिळालं.

आता कुरडईकडे येतो. वाळवणातलं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत हुशारीचं काम हेच आहे, असं माझं मत. गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो. मग तो वाटायचा, पाणी घालून कोळायचा, कपड्यातून गाळायचा. चोथा वेगळा, चीक वेगळा. चीक रात्रभर ठेवला की खाली पांढरा स्वच्छ साका बसतो आणि वर पिवळसर निवळ राहते. ती निवळ हलक्या हाताने ओतून द्यायची. मग चीक भांड्याने मोजायचा, तेवढंच पाणी उकळत ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग घालायचं आणि चीक ओतत ओतत लाकडी दांड्याने घोटत राहायचं. हे एकटीचं काम नाही. ओतणारी वेगळी, घोटणारी वेगळी. जरा हात थांबला की गाठी होतात. चीक पारदर्शक दिसू लागला, दांड्याला चिकटेनासा झाला की शिजला. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, कारण थंड झाला की दाबून दाबून मनगट जातं. पहाटे चारला चूल पेटते ती यासाठीच. सूर्य वर येईपर्यंत कुरडया पसरून झाल्या पाहिजेत, म्हणजे पहिल्याच दिवसाचं पूर्ण ऊन मिळतं. पातेल्याच्या बुडाशी राहिलेला चीक तूप-साखर घालून पोरांना मिळतो. राखणीची मजुरी म्हणायची ती एवढीच.

या सगळ्या खटाटोपात रसायनशास्त्र भरलेलं आहे. आंबवल्याने गव्हातलं प्रथिन सुटं होतं, धुऊन निघतं आणि मागे जवळपास निव्वळ स्टार्च उरतो. तो शिजून फुगतो आणि वाळला की काचेसारखा कडक होतो. तेलात टाकल्यावर आतला उरलासुरला ओलावा वाफ होऊन त्याला फुलवतो. म्हणून कुरडई पुरती शुष्क झाली तर फुलत नाही आणि ओली राहिली तर तेल पिते. मधला तो नेमका बिंदू कुठलंही मोजमाप न करता, दोन बोटांनी मोडून आवाज ऐकून ठरवला जातो.

बाजरीच्या खारोड्यांना एवढा थाट नाही. बाजरी ओलवून भरडायची, लसूण-मिरची, जिरं, तीळ घालून घट्ट घाटा शिजवायचा आणि बोटांनी छोटे छोटे गोळे साडीवर टाकायचे. तळायचीही गरज नाही. शेतात निघालेल्या माणसाने मूठभर खारोड्या आणि शेंगदाणे फडक्यात बांधले की दुपार निभते. माझ्या दृष्टीने हा मराठवाड्याचा खरा प्रवासी शिधा. येसर तर त्याहून पुढची. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवायचं, पाहुणा दारात आला की उकळत्या पाण्यात कालवून फोडणी द्यायची, पाच मिनिटांत आमटी. पाकिटातलं सूप बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या फडताळात ते होतं.

वाळवणाचा विषय निघाला की आपण पापड-कुरडयांवर थांबतो आणि सगळं गोड-गोड होतं. ही अर्धीच गोष्ट. मराठवाड्यात मांसही वाळवलं जाई. पातळ लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर उन्हात टाकून केलेल्या चान्या दलित वस्त्यांमधून महिनोन्महिने पुरवल्या जात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात हे जेवण पहिल्यांदाच इतकं सविस्तर नोंदवलं. त्याचं इंग्रजी भाषांतर २०२४ साली आलं आणि मग कुठे शहरी खवय्यांनी त्याची दखल घेतली. एकाच गावात, एकाच उन्हात दोन गच्च्यांवर दोन वेगळ्या गोष्टी वाळत होत्या. एकीची रुखवतात आरास झाली, गव्हले-मालत्या-नखुल्या-बोटव्यांची ताटं सजली, पाककृतींच्या पुस्तकांत छापली गेली. दुसरीचा वास आला म्हणून नाकं मुरडली गेली. अन्नाचं वाळणं दोन्हीकडे सारखंच होतं.

आणि वाळवलेलं अन्न ही हौस नसून गरज असते, हे १९७२च्या दुष्काळाने दाखवलं. त्या वर्षी घरातली कणगी, पेव, उतरंड सगळं रिकामं झालं. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. वाळवण घालायला आधी घरात चार पायल्या जास्तीचं धान्य लागतं. ज्याच्याकडे सुगीतच काही उरत नाही, त्याला साठवणीचं शास्त्र शिकवून काय उपयोग? त्याच १९७२च्या मे महिन्यात परभणीला मराठवाड्याचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. आज तिथे अन्नतंत्रज्ञान शिकवलं जातं.

छावणी लष्कराची, म्हणून फौजेचा शिधा टाळून पुढे जाता येत नाही. जगात अन्न टिकवण्याची तंत्रं वाढली ती मोठ्या प्रमाणावर फौजांसाठी. फ्रेंच सरकारने अन्न टिकवण्याच्या पद्धतीला इनाम लावलं आणि निकोलाय आपेर या मिठाईवाल्याने १८१० साली बाटलीबंद अन्नाची रीत छापून १२ हजार फ्रँक मिळवले. सूक्ष्मजंतूंमुळे अन्न नासतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, ते सिद्ध करणारा पाश्चर अजून जन्माला यायचा होता. पुढे क्रिमियाच्या युद्धात इंग्रज शिपायांना दाबून वाळवलेल्या भाज्यांच्या वड्या मिळाल्या. आपल्याकडे १९६१ साली म्हैसूरला संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा निघाली. हिमालयातल्या चौक्यांवर जिथे पाणी उकळायलाही रॉकेल मोजावं लागतं, तिथे काय खायचं हा तिच्यापुढचा प्रश्न. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्याबरोबरचं भारतीय जेवण याच प्रयोगशाळेने तयार केलं होतं. या संस्थेच्या कामात आणि गच्चीवरच्या कामात तत्त्वाचा फरक नाही, अचूकतेचा आहे.

ते तत्त्व दिवाळीच्या फराळावरून चटकन कळतं. सुक्या खोबऱ्याच्या सारणाची करंजी पंधरा दिवस राहते, ओल्या नारळाची दोन दिवसांत आंबते. बेसनाचा लाडू महिनाभर टिकतो, ओलं खोबरं घातलेला रव्याचा लाडू लवकर संपवावा लागतो. पण मोरावळ्यात आणि साखरांब्यात तर भरपूर पाणी असतं, मग ते वर्षभर कसे टिकतात? कारण जंतूंना किती पाणी मिळू शकतं ते महत्त्वाचं. साखर किंवा मीठ पाण्याला धरून ठेवतं, सोडत नाही. शास्त्रज्ञ हे मोकळं पाणी शून्य ते एक या मापात मोजतात आणि त्याला जलक्रियता म्हणतात. ताज्या भाजीत ती ०.९५च्या वर असते. ०.९१च्या खाली बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, ०.८०च्या खाली बहुतेक बुरशा थांबतात आणि ०.६०च्या खाली काहीच वाढत नाही. खडखडीत वाळलेली कुरडई या रेघेच्या खाली असते. फ्रिज त्या रेघेच्या जवळपासही जात नाही, तो फक्त जंतूंना सुस्त करतो. वीज गेली की ते जागे.

आता नगर नाक्यावरून डाव्या फाट्याला वळू. कारण गेल्या काही वर्षांत वाळवणातली नवी गोष्ट याच जिल्ह्यात घडते आहे आणि तिची दखल लंडनपर्यंत गेली आहे.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतून, म्हणजे जुन्या यूडीसीटीतून, शिकून निघालेल्या काही तरुणांनी ‘सायन्स फॉर सोसायटी’ नावाने काम सुरू केलं. वैभव तिडके हे त्यांतलं पुढचं नाव, निधी पंत या सहसंस्थापक. त्यांनी विजेशिवाय चालणारं सौर वाळवणयंत्र बनवलं. साध्या सोलर ड्रायरमध्ये तापलेली हवा मालावरून फिरते. यांच्या यंत्रात ज्या पत्र्यावर माल पसरतात तोही उन्हाने तापतो आणि खालून उष्णता देतो. म्हणजे वरून ऊन, मधून हवा, खालून पत्रा. झाकण असल्यामुळे धूळ, माशा आणि चिमण्या बाहेर राहतात. २०१३ साली या यंत्राला डेल कंपनीच्या सामाजिक नवकल्पनांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पुढे ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ या नावाने कंपनी उभी राहिली. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी सिंगापूरला, युवराज विल्यम यांनी सुरू केलेल्या अर्थशॉट पुरस्कारात, ‘कचरामुक्त जग’ या गटात तिला १० लाख पौंडांचं बक्षीस मिळालं.

बक्षिसापेक्षा मला कामाची रीत महत्त्वाची वाटते. यंत्र विकून कंपनी मोकळी झाली असती तर ते वर्षभरात कोंबड्यांचं खुराडं झालं असतं. सरकारी योजनांतल्या कित्येक यंत्रांचं तेच झालं आहे. इथे गावातल्या बाईला बँकेचं कर्ज मिळवून यंत्र दिलं जातं, कांदा, आलं, टोमॅटो, लसूण असा माल तिच्या दारात येतो, ती तो निवडते, कापते, वाळवते आणि वाळलेला माल कंपनी परत विकत घेते. पुढे तो मसाले, सूप, नूडल्स बनवणाऱ्यांना आणि मोठ्या स्वयंपाकघरांना जातो. बाजार शोधायची डोकेदुखी तिच्यावर नाही. बचत गटांच्या बहुतेक पापड-उद्योगांचं जहाज नेमकं याच खडकावर आपटतं.

कच्चा माल म्हणाल तर जिल्ह्यात तोटा नाही. खुलताबाद, कन्नड, फुलंब्रीकडचं आलं, वैजापूरचा कांदा, सिल्लोडची मिरची. दौलताबादची सीताफळं आणि पेरूही आहेत, पण सीताफळाचा गर जास्त तापवला की कडू होतो, म्हणून त्याची वाट वाळवणीची नाही, गोठवणीची आहे. टोमॅटोचं गणित मात्र पाहण्यासारखं. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी. १० किलो टोमॅटोत घन भाग अवघा ६०० ग्रॅम. दहा टक्के ओलावा ठेवून वाळवला तर पाऊण किलोही भरत नाही. रस्त्यावर टोमॅटो ओतून देणाऱ्या शेतकऱ्याचे फोटो आपण दरवर्षी पाहतो. क्रेटचं भाडं आणि तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून तो ओततो. खरं तर तो जे गाडीत भरून नेणार होता त्यातलं बहुतांश पाणीच होतं. ते पाणी शेतावरच उन्हाला दिलं असतं, तर वाहतूक एक-पंधरांश झाली असती आणि आज विकायची सक्तीही उरली नसती. काढणीपासून दुकानापर्यंत पोचेपर्यंत जगातलं सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा २०१९चा अंदाज आहे.

मग सगळं गोडच आहे का? तसं नाही. कांदा सोलून कापणं हे काम यंत्र करत नाही किंवा थोडंच करतं, डोळे बाईचेच जातात. वाळवणाचा हंगाम उन्हाचा. पावसाळ्यात यंत्र बसून राहतं आणि कर्जाचा हप्ता बसत नाही. आणि एकाच खरेदीदारावर गाव उभं राहिलं तर भाव तो सांगेल तोच. शेतकऱ्याला हे उसाच्या कारखान्यांनी शिकवलेलं आहे. तरीही मी या रीतीच्या बाजूने आहे. कारण गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईच्या कामाला घरात आजवर ‘हौस’ म्हटलं गेलं. इथे त्याच कामाचं वजन होतं आणि पैसे खात्यावर येतात. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. ती काही चवीची जादू नव्हती. गच्चीवरचं काम हे काम आहे, एवढं त्या सात जणींनी मान्य करून घेतलं.

उद्योग बाजूला ठेवून घरापुरतं बोलायचं तर हल्ली ट्रे असलेलं विजेचं वाळवणयंत्र, डीहायड्रेटर, छावणी-पडेगावच्या फ्लॅटमध्येही दिसू लागलं आहे. वाईट नाही. ट्रेकला जाणारी पोरं, परदेशी शिकायला निघालेली मुलं यांच्यासाठी पिठलं, वरण, पोह्यांची पाकिटं घरी करता येतात. फक्त यंत्राने अक्कल येत नाही. उष्णता ५५ ते ६० अंशांवर ठेवावी. घाईने ८० अंशांवर नेलं की फोडीची साल वरून कडक होते, आतली ओल कोंडली जाते आणि डब्यात आठ दिवसांनी बुरशी दिसते. गवार, गाजर, मटार दोन-चार मिनिटं वाफवून मग वाळवावेत, नाहीतर भाजीतली विकरं काम करत राहतात आणि रंग-चव दोन्ही उतरतात. आपल्या आज्या गवार उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढून किंवा ताकात घोळून वाळवत, त्यात हेच साधत होतं. कांदा, टोमॅटो, मिरचीला वाफेची गरज नाही. मेथी आणि कोथिंबीर मात्र उन्हात घालू नये, सावलीत वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हात पानाचा हिरवा रंग आणि त्यातलं अ जीवनसत्त्व दोन्ही जातं. क जीवनसत्त्व तसंही फारसं उरत नाही, तेव्हा वाळलेल्या भाजीला ताज्या भाजीची जागा देऊ नये.

वाळवून झालं की लगेच डबा बंद करण्याची घाई सगळ्यांना असते. आधी माल काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर ठेवावा, रोज एकदा हलवावा. फोडी एकमेकींना चिकटल्या किंवा काचेला आतून दव आलं तर तो माल वाळलेला नाही, परत उन्हात. हे झाल्यावर दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तर किड्यांची अंडी मरतात. मग छोट्या छोट्या डब्यांत भरावा, म्हणजे एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. आणि डबे गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नयेत. साठवणीची जागा दहा अंशांनी जास्त तापली की माल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मेमध्ये पत्र्याखालची खोली आणि घरातला गार कोपरा यांत एवढा फरक सहज पडतो.

दोन गोष्टींची मात्र भीती बाळगावी. एक, बुरशी. शेंगदाणे, मका, मिरची नीट वाळली नाही तर त्यांवर पिवळट-हिरवी बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला बाधतं, कर्करोगही करतं. शिजवून, भाजून किंवा परत उन्हात टाकून ते जात नाही. ‘वरचं काढून टाकू, खालचं चांगलं आहे’ ही काटकसर इथे चालत नाही, सगळं फेकायचं. दुसरी, बंद डब्यातलं बोट्युलिनम. व्हिडिओ पाहून ग्रेव्ही, उकडलेल्या भाज्या, तेलात बुडवलेला लसूण बाटलीत भरून बाहेर ठेवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. आंबटपणा कमी असलेल्या आणि ओल्या अन्नात, हवा नसताना हा जिवाणू विष तयार करतो. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, प्रेशरखाली १२१ अंश लागतात. व्हॅक्यूमचं यंत्र अर्धवट वाळलेल्या भाजीला वाचवत नाही, उलट या जिवाणूला हवी तशी जागा करून देतं. आपल्या परंपरेने ओलं अन्न बाहेर ठेवलं ते भरपूर मीठ, साखर किंवा आंबटपणा घालूनच. लोणच्यातलं मीठ कमी करून ‘आरोग्यदायी’ लोणचं करणाऱ्यांनी ते फ्रिजमध्ये ठेवावं, एवढंच सांगतो.

गच्च्या कमी होत चालल्या आहेत, हे दिसतंच. सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं आणि चावी सचिवाकडे. सोलर पॅनेल आणि पाण्याच्या टाक्यांनी जागा खाल्ली. पहाटे चारला चीक घोटायला शेजारीण येत नाही, कारण तिला सातला वाळूजच्या कंपनीची बस धरायची असते. त्यात हळहळण्यासारखं मला काही वाटत नाही. नोकरी करणाऱ्या बाईने कुरडया विकत आणाव्यात आणि ज्या बाईला कुरडया उत्तम जमतात तिला त्याचे पैसे मिळावेत. त्यासाठी शासनाची मदतही आहे. २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळतं आणि बचत गटातल्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. कागदपत्रांची दमछाक आहे, पण पैसे खरे आहेत.

जानेवारी-फेब्रुवारीत मेथी, टोमॅटो, गाजर, मटार सगळ्यांत स्वस्त असतात आणि ऊनही कोवळं, कोरडं असतं. दहा किलोंचा घाट घालू नका. एक किलो मेथी निवडून, धुऊन, पाणी पूर्ण निथळवून, खिडकीत सावलीत वाळवा आणि वर सांगितल्याप्रमाणे आठवडाभर बरणीत तपासा. बाकी पापड, कुरडया, खारोड्या एप्रिलमध्ये बचत गटाकडून घ्या. पाकिटावर तारीख आणि चौदा आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक बघा, एक कुरडई मोडून आवाज ऐका आणि आवाज बरोबर आला तर भाव करू नका.